आत्याची पाठ दुखली तेव्हा
लालबागच्या मसाल्याच्या दुकानांवरून जाताना मिरच्यांचा ठसका लागला की मला आत्याची ती दुपार आठवते. माझे वडील आणि त्यांची मोठी बहीण, दोघंही मधुमेही, एकाच चाळीत समोरासमोर राहायचे. आदल्या वर्षी वडिलांच्या छातीत कळ आली तेव्हा आत्यानेच धावत जाऊन टॅक्सी आणली होती आणि तासाभरात परळच्या इस्पितळात त्यांच्यावर उपचार सुरू झाले होते. त्या दुपारी मसाल्यासाठी मिरच्या भाजताना आत्याला दरदरून घाम फुटला, पाठ आणि जबडा दुखू लागला. "पित्त झालंय गो," असं मला म्हणाली आणि मिरच्या संपवूनच उठली. नाक्यावरच्या डॉक्टरांनीही तिला पित्ताचीच गोळी दिली. तीन दिवसांनी जिन्यात तिला धाप लागली, म्हणून आम्ही तिला इस्पितळात नेलं. ईसीजी पाहून तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अटॅक तीन दिवसांपूर्वीच येऊन गेलाय." वडील तिच्यावर चिडले. "माझ्या वेळी धावलीस, मग स्वतःच्या वेळी गप्प का बसलीस?" आत्या शांतपणे म्हणाली, "तुझ्या छातीत दुखत होतं रे. माझी नुसती पाठ दुखत होती." पुढे वडील रोज सकाळी फिरायला जाऊ लागले, आत्याला मात्र दोन मजले चढताना तीनदा बसावं लागायचं, आणि ती त्यांच्या बरीच आधी गेली. आता साखर मलाही आहे. तपासणीला गेले की डॉक्टर छातीत दुखतं का एवढंच विचारतात. बाकीचं मी आपणहून सांगते.