विमानावरचं शीड

परवा मालवणच्या बंदरावर होडीला उंडीचं तेल लावत होते. त्या वासासरशी मी साठ वर्षं मागे, गावच्या सड्यावर, डोंगरमाथ्याच्या पठारावर गेलो.

तिथे माझा मित्र इनास आणि मी बिनइंजिनाचं विमान बांधत होतो. आडोशाला तेच तेल पाजलेलं एकच जुनं शीड होतं, ते दव लागू नये म्हणून विमानावर घालून आम्ही उघड्या कातळावर निजायचो. भात आम्ही खायचो आणि पेज पंखांच्या कापडाला लावायचो, म्हणजे ते ताठ राही. इनासची कधी कुरकुर नसे.

उड्डाणाच्या सकाळी मी तापातून जागा झालो, तर शीड माझ्या अंगावर आणि पंख दवाने लोंबलेले.

"ह्या काय केलंस रे?"

"गप पड, मेल्या. इमान परत बांधूक येता. तुका खंयसून आणू?"

जमलेल्या गावासमोर इनासने विमान उडवलं आणि ते लगेच काजूंच्या झाडांत कोसळलं. इनासला पंख बांधता येत नाहीत, असं लोक अजून हसत सांगतात. त्याने खरं कारण कधीच सांगितलं नाही. आता तो नाही.

इनासचे पंख उत्तम होते. ते त्याने माझ्यासाठी भिजू दिले.