डबा उलटा करा

विजूदादाला अजून घरातून उचललंही नव्हतं, आणि मला पासवर्डसाठी फोन आला.

कॉलेजातून. आमचे सेक्रेटरी साहेब.

"वाईट झालं हो, कविता मॅडम. बरं, लॅबमधला तो डबा सकाळपासून अडलाय. विजूचा पासवर्ड तुम्हाला माहीत आहे? नसेल तर तिथेच आहात, घरच्यांना विचारून बघा."

घरच्यांना. म्हणजे वहिनीला. ती त्याचा शर्ट मांडीवर घेऊन बसली होती, उल्हासनगर चार नंबरच्या त्या एका खोलीत.

काल बदलापूरला एका नव्या बिल्डिंगमध्ये केबल ओढताना तो चौथ्या मजल्यावरून पडला. कंत्राटावर होता. बेल्ट नव्हता.

मी अंबरनाथच्या कॉलेजात लॅब असिस्टंट म्हणून लागले, तेव्हा विजूदादा तिथे सहा वर्षं जुना. बारावी पास, रोजंदारीवर. मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट.

पहिल्या दिवसापासून मी "मॅडम". तो "ए विजू".

तो मात्र मला मॅडम कधीच म्हणाला नाही. "ए ग्रॅज्युएट" म्हणायचा.

लॅबमध्ये नेटवर्क स्टोरेजचा एक डबा होता. आत हार्डडिस्क, मागे नेटवर्कची वायर, सगळ्या मुलांच्या फाइली त्यात. पण कंपनीच्या सॉफ्टवेअरला मराठी कळायचं नाही. फाइलला मराठी नाव दिलं की नुसती प्रश्नचिन्हं दिसायची.

एकदा एका मुलीचा प्रोजेक्ट सापडेना. वीस फाइली, वीसही प्रश्नचिन्हं. सर तिच्यावर खेकसले, "इंग्लिशमध्ये नाव द्यायला काय होतं?"

विजूदादा मला हळूच म्हणाला, "पोरगी नाही चुकली. डबा अडाणी आहे. ह्याला शिकवू."

शिकवू म्हणजे, कंपनीचं सॉफ्टवेअर काढून त्या जागी लिनक्स बसवू. असल्या डब्यांसाठी कुठकुठल्या लोकांनी ते लिहून नेटवर फुकट ठेवलं होतं. सायबर कॅफेतून त्याने प्रिंटआउट आणले. इंग्लिश मी वाचून सांगायची.

पहिलीच सूचना ठळक: काम चालू असताना वीज जाता कामा नये. गेली तर डबा मेला.

आम्ही लोडशेडिंगचं टाइमटेबल बघितलं. पाचला लाइट येते, मग जात नाही. पाचची वेळ ठरली.

साडेपाचला आमच्या शिपाई शिंदेमामांनी मेन स्विच खाली ओढला.

कॉलेज बंद करताना मेन बंद. मामांचा रोजचा शिरस्ता. वीज जायची वेळ आम्ही पाठ केली होती, मामांची वेळ आमच्या डोक्यातच आली नाही.

मेन पुन्हा वर केला, तरी डब्याचा दिवा लागेना. मी रडायला लागले. मामा हात जोडायला लागले.

विजूदादा म्हणाला, "मामा, तुमची काय चूक? बोर्डावर चिठ्ठी लावली नाही आम्ही. लिहिलं नाही म्हणजे सांगितलंच नाही."

पुढचे आठ दिवस तो जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून बसायचा. एकदा मला घेऊन उल्हासनगरच्या मार्केटात गेला, जुन्या मोबाईलची डेटा केबल शोधायला.

दुकानदार हसला. "साईं, ये फोन तो कब का बंद हो गया. केबल का क्या करोगे?"

"मुर्दे से बात करनी है."

केबल कापून तिच्या तीन तारा त्याने डब्याच्या बोर्डाला सोल्डर केल्या, दुसरं टोक कॉम्प्युटरला लावलं.

"ए ग्रॅज्युएट, टॉर्च नीट धर. माझ्या डोळ्यात नको, बोर्डावर."

स्क्रीनवर अक्षरं सरकायला लागली.

"बोलतोय गं! जिवंत आहे!"

त्याच वाटेने त्याने लिनक्स पुन्हा आत चढवलं. हार्डडिस्क शाबूत होती. त्या मुलीचा प्रोजेक्ट दिसला, तिच्या नावासकट, मराठीत.

मग त्याने एक कागद लिहून काढला. पासवर्ड, डबा अडला तर काय करायचं, एकेक पायरी. आणि डब्याच्या तळाला चिकटवला.

"पासवर्ड असा चिकटवतं का कुणी?" मी म्हटलं.

"लॅबला कुलूप आहे ना? उद्या मी नसलो तर पोरांनी कुणाच्या तोंडाकडे बघायचं?"

आता माझं सांगते.

गॅदरिंगला ह्या कामाचा सत्कार झाला. माझा.

"आमच्या कविता मॅडमनी..." म्हणत साहेबांनी शाल घातली, नारळ दिला. बाबा विठ्ठलवाडी डेपोतून रजा टाकून आले होते. पहिल्या रांगेत, इस्त्रीच्या शर्टात. मी त्यांच्याकडे बघितलं.

माइक माझ्या हातात होता. मी "थँक यू" म्हणाले.

विजूदादा मागे साउंड सांभाळत होता. त्याने टाळ्या वाजवल्या.

त्याच वर्षी एक पर्मनंट जागा निघाली. "विजू हुशार आहे हो, पण डिग्री नाही ना." जागा मला मिळाली. त्याला कमी केलं.

जाताना म्हणाला, "पेढे काढ, ग्रॅज्युएट." दोन घेतले. एक वहिनीसाठी.

सॉफ्टवेअर सगळ्यांचं असतं, असं मी लॅबमध्ये मुलांना सांगते. त्याचं श्रेय मात्र एकटी घरी घेऊन गेले. बाबांनी ती शाल अजून पिशवीत घालून ठेवली आहे.

आज फोन आला तेव्हा पासवर्ड मला पाठ होता. सांगितला नाही.

"साहेब, डबा उलटा करा," एवढंच म्हटलं आणि फोन ठेवला.

अर्ध्या तासाने पुन्हा फोन.

"चालू झाला हो मॅडम! सगळं लिहिलंय की खाली. इतकी वर्षं कुणी बघितलंच नाही. तुमचं पण नाव आहे."

"काय लिहिलंय?"

"काम केलं: कविता आणि विजू."

कागद चिकटवताना मी शेजारी उभी होते. शेवटपर्यंत वाचला नव्हता.

माझं नाव त्याने आधी लिहिलं होतं.

लिहिलं नाही म्हणजे सांगितलंच नाही. म्हणून आज लिहिते. बाबांनाही वाचून दाखवणार आहे.

तो डबा विजूदादाने जिवंत केला.
मी टॉर्च धरला होता.

जय भीम, दादा.