बोटीवरचं रुखवत

मी बोटीवर होतो म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यांपुढे पांढरा युनिफॉर्म येतो. तो गैरसमज मी कधी दूर केला नाही. खरं सांगायचं तर मी खुर्च्यांना कापड चढवणारा माणूस. नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या एका दुकानात सोफ्या-गाद्यांचं काम शिकलो आणि नव्वदीच्या अखेरीस एका एजंटामार्फत परदेशातल्या गोदीत गेलो. तिथे मोठमोठ्या प्रवासी बोटी दुरुस्तीला यायच्या. बोट पाण्यावर चालत असताना मी एकदाही तिच्यात बसलेलो नाही. घरी हे कुणाला ठाऊक नव्हतं. आई तर गल्लीभर सांगत फिरायची, "आमचा बोटीवर ऑफिसर आहे." मी गुपचूप चहा प्यायचो.

सुकी गोदी म्हणजे काय, तर सिमेंटचा भलामोठा हौद. बोट आत घ्यायची, दार लावायचं आणि पाणी उपसून टाकायचं. मग ती दहा-बारा मजल्यांची बोट ठोकळ्यांवर उघडी उभी राहते. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला चक्क संकोच वाटला, बघू नये ते बघितल्यासारखा. पोटाला शेवाळ, शिंपले, गंजाचे ओघळ. नांगराची साखळी खाली जमिनीवर पसरून ठेवलेली. बाहेरची माणसं बोटीला खरवडून रंग देणार आणि आम्ही आतल्या कामाची.

आत काय काय बदलतं म्हणून लोक विचारतात. अहो, काय बदलत नाही ते विचारा! गालिचे पट्ट्या कापून फरफटत बाहेर काढायचे. गाद्या, पडदे, दिवे, न्हाणीघरातल्या फरश्या, सगळं भंगारात. काल जिथे जुगाराची टेबलं होती तिथे आज हॉटेल उभं. पोहण्याच्या तलावात गवंडी उकिडवे बसलेले. एसी बंद, संडास बंद. लागली की पाच मजले जिने उतरून गोदीवरच्या पत्र्याच्या संडासाकडे पळा. आणि हे सगळं दोन-अडीच आठवड्यांत, कारण पुढच्या सफरीची तिकिटं आधीच विकलेली असायची.

खुर्च्यांचे सांगाडे मात्र तेच. जुनं कापड फाडायचं, पिना उपसायच्या, फोम बरा असेल तर तसाच ठेवायचा आणि वरून नवं कापड ताणून बसवायचं. तळाच्या मजल्यावर वेटर-खलाशांच्या खोल्या होत्या, त्यांना तर कुणी हातही लावत नसे. शेवटच्या दिवशी प्लास्टिक निघालं की कंपनीचे साहेबलोक फिरायला यायचे, माझ्या खुर्च्यांत टेकून बसायचे आणि एकमेकांना म्हणायचे, "वा, एकदम नवी!" तिथेच माझी मती फिरली. एवढे मोठे लोक वरच्या कापडाला भुलतात, मग आपल्याकडे आत डोकावून कोण बघणार?

त्या वर्षी बहिणीचं लग्न ठरलं होतं. सटाण्याचं घर, कांद्याच्या व्यापारातलं, माणसं खाऊनपिऊन सुखी. मी फोनवर मोठ्या तोऱ्यात सांगून टाकलं, "रुखवताचं माझ्याकडे लागलं. सगळं फॉरेनचं आणतो." रुखवत म्हणजे मुलीकडच्यांची इज्जत. वरपक्षाच्या बायका एकेक वस्तू हातात घेऊन बघणार, आणि पुढे वर्षानुवर्षं मुलगी तेच ऐकणार, चांगलं नाहीतर वाईट. हे मला कळत नव्हतं असं नाही. पगार झाला तसा तिच्यासाठी म्हणून बाजारात गेलो आणि स्वतःला लेदरचं जाकीट अन् गाण्यांचं मशीन घेऊन परत आलो. लाज वाटायला हवी होती. तेव्हा वाटली नाही, आता वाटते.

मग आठवले भंगारातले पडदे. मरून रंगाचे, सोनेरी वेलबुट्टीचे, हाताला जड. काढून टाकायच्या प्रत्येक वस्तूवर आमचा मुकादम लाल रंगाचा फवारा मारून मोठी फुली करायचा आणि खाली इंग्रजीत लिहायचा, स्क्रॅप. पडद्यांवर ती फुली पाठीमागच्या बाजूला होती. मुकादमाला विचारलं तर म्हणाला, ने की, तेवढाच कचरा कमी. म्हणजे मी चोरी केली नाही. माझ्या बाजूने बोलायला एवढं एकच आहे.

नाशिकला येऊन माझ्या जुन्या दुकानातल्या मशीनवर दोन दिवस दार लावून बसलो. दोन पलंगपोस आणि सहा उशांचे अभ्रे शिवले. फुल्या थिनरने घासल्या, पण त्या कसल्या जातायत! मग आतून कोऱ्या मांजरपाटाचं अस्तर लावून झाकून टाकल्या. मांजरपाट आधी भिजवून आटवून घ्यायचं, मगच शिवायचं, हे आमच्या धंद्यात पहिल्या आठवड्यात शिकवतात. पण मला घाई. च्यायला, दहा वर्षं मुरलेला कारागीर मी, आणि शिकाऊ पोराने करू नये ती चूक केली.

लग्नाच्या दिवशी रुखवताच्या टेबलावर मधोमध बहिणीने विणलेला क्रोशाचा टेबलक्लॉथ होता. वर्षभर खपली होती ती त्यावर. मी तो उचलून कडेला लाडवांच्या ताटामागे सारला आणि म्हणालो, "हे काय गावठी! हे ठेव मध्ये." तिने पलंगपोस मध्ये मांडला. वर येईल त्या बाईला कौतुकाने सांगत सुटली, "माझ्या दादाने आणलंय, बोटीवरून." तिच्या सासूबाईंनी पलंगपोसावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "भारी शे!" मी जाकीट घालून बाजूलाच उभा होतो. एप्रिलच्या उन्हात, लेदरचं जाकीट घालून!

पुढच्या चार दिवाळ्या मी परदेशातच होतो. पाचव्या वर्षी भाऊबीजेला सटाण्याला गेलो. भाची तीन वर्षांची झाली होती. तिच्यासाठी फ्रॉक नेला होता, मेनरोडवरच्या दुकानातून, नवाकोरा. पोरीने तो हातात घेतला, जमिनीवर पसरला, उलटा केला, आतून नीट बघितला आणि ओरडली, "आई, मामाच्या फ्रॉकला फुली नाहीये!"

तिचा काका, म्हणजे बहिणीचा धाकटा दीर, फस्सकन हसला.  बहिणीचा चेहरा उतरला. मला काहीतरी कळलं आणि कळू नये असंही वाटलं.

तिने मला मागच्या अंगणात नेऊन सगळं सांगितलं. पहिल्याच धुण्यात अस्तर आटलं, शिवण उसवली आणि दोरीवर वाळत घातलेल्या पलंगपोसाच्या पोटातून लाल फुली बाहेर आली. खालचं इंग्रजी दिराने मोठ्याने वाचून दाखवलं. शेजारच्या बायका होत्याच. तेव्हापासून माहेराहून काहीही आलं, अगदी आईने पाठवलेले पापड का असेनात, की घरात कुणीतरी म्हणणारच, "उलटवून बघा गं, फुली असेल." पोर ऐकून ऐकून शिकली. बहीण हे रडतबिडत नव्हती सांगत. घरातल्या पाण्याच्या वेळा सांगाव्यात तसं सांगत होती.

"आई-बाबांना यातलं काही बोलू नकोस," ती म्हणाली. "आणि तू मनाला लावून घेऊ नकोस. मी घरातल्यांना पहिल्यापासून सांगतेय, दादाला तिकडच्या दुकानदाराने फसवलं असणार. कुणी ऐकत नाही."

मला तिथल्या तिथे सांगता आलं असतं. अंगणात आम्ही दोघंच होतो. तोंड उघडलं आणि विचारलं, "जावईबापू कधी येतात मार्केटमधून?"

ओवाळायची वेळ झाली. मी पाटावर बसलो. समोर खाटेवर सासूबाई, दाराशी दीर, भाची माझ्या मांडीला चिकटलेली. बहिणीने तबक उचललं आणि मध्येच थांबली. तिने हे ठरवूनच ठेवलं असणार, सगळ्यांसमोर विचारायचं म्हणून.

"दादा, एकच सांग. तुला माहीत होतं?"

 सगळं घर माझ्याकडे बघत होतं. तिला काय हवंय ते मला लख्ख दिसत होतं. तिला माझ्या तोंडून खरं हवं होतं, आणि ते खरं तिच्या बाजूचं असावं असंही हवं होतं.

"नाही गं," मी म्हणालो. "तुझी शपथ. दुकानदाराने गंडवलं मला."

तिची शपथ घेतली मी. औक्षणाचं तबक हातात असताना.

तिचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. तिने ओवाळलं, कपाळाला टिळा लावला आणि गर्रकन वळून म्हणाली, "ऐकलंत ना आई? म्हणत होते ना मी! माझा दादा तसा नाहीये." चार वर्षांत त्या घरात ती पहिल्यांदा आवाज चढवून बोलत असावी.

सासूबाई खाटेवरून उठल्या. गुडघे दुखत होते त्यांचे, भिंतीला धरून माझ्यापर्यंत आल्या आणि दोन्ही हात जोडले. "भाऊ, आमनं चुकनं," त्या म्हणाल्या. "इतली वरीस पोरीले बोलत राह्यनू. माफ करा." दीर पुढे आला आणि खाली वाकून माझ्या पाया पडला.

मी त्याला उठवलं, पाठीवर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "असू द्या हो. आम्ही नाही मनात धरत."