बेन्केबाईंनी सही केली नाही

परवा इर्मगार्ड बेन्के गेल्या, आणि त्यांच्या अंत्यविधीला वकील रोव्हर आला. आला तर आला, वर बोललाही. अंगात काळा कोट, हातात टोपी, डोळ्यांत म्हणे पाणी. "आमच्या कार्यालयाचा कणा गेला," म्हणाला. मी तिसऱ्या बाकावर होते. हातातलं प्रार्थनेचं पुस्तक त्याच्या टाळक्यात घातलं नाही एवढंच. कणा म्हणे. या माणसानं त्या कण्याचं काय करायला घेतलं होतं हे अख्ख्या हुसुममध्ये, उत्तर जर्मनीतल्या आमच्या या बंदराच्या गावात, तीन बायकांना ठाऊक होतं. त्यातल्या दोघी आता नाहीत. राहिले मी, तेव्हा सांगून टाकते.

बेन्केबाईंचे वडील समुद्राच्या बांधावर मजूर होते. बाई सोळाव्या वर्षी रोव्हरच्या बापाकडे कामाला लागल्या. म्हातारा रोव्हर तिरसट, पण वकील म्हणून सच्चा. त्यानं बाईंना पहिल्या दिवशी एक जाडजूड वही दिली आणि सांगितलं, यातली एक तारीख चुकली तर कुणाचं तरी आयुष्य चुकतं. ती मुदतवही. कुठल्या खटल्यात कुठला कागद कुठल्या दिवसापर्यंत कोर्टात पोचला पाहिजे, ते सगळं त्यात. काम झालं की त्या तारखेवर लाल रेघ मारायची. आणि रेघ कधी मारायची? कोर्टाचा शिक्का मारलेली पोच हातात आली की. त्याआधी नाही.

मी एकोणीस वर्षांची असताना त्या कार्यालयात लागले. पहिल्याच आठवड्यात मी पोच न बघता एक रेघ मारली. बाईंनी माझ्या बोटांवर पट्टी मारली नाही, टेबलावर मारली, पण आवाज असा आला की खालच्या दोरखंडाच्या दुकानातला माणूस वर बघायला आला.

"पाकीट पेटीत टाकलं होतं ना, बेन्केबाई," मी म्हटलं.

"टाकलं असेल. पोचलं का?"

"पोचेलच की."

"'होईलच की' म्हणत मी माझ्या मावशीच्या लग्नाची वाट बघत्येय चाळीस वर्षं," बाई म्हणाल्या. "पोच आण, मग बोल."

अशी बाई. लग्न केलं नाही. सायकलवर यायच्या, काळ्या पावावर चीज लावून जागेवरच खायच्या, चर्चच्या गायकवृंदात खालच्या पट्टीत गायच्या. एकतीस वर्षांत त्यांच्या हातून एक तारीख चुकली नाही. फ्लेन्सबुर्गच्या वरच्या कोर्टातले कारकून म्हणायचे, बेन्केबाईंचा कागद असला की आम्ही तपासतच नाही. बाईंना हे सांगितलं की त्या म्हणायच्या, "तपासा. पगार त्याचाच मिळतो तुम्हांला."

म्हातारा गेला आणि लेक गादीवर बसला. डिटलेफ रोव्हर. देखणा, गोड बोलणारा, बोटीचा शौकीन. वाईट वकील नव्हता. हेच तर माझं डोकं फिरवतं. मूर्ख असता तर सोडून दिलं असतं. दर शरद ऋतूत हा माणूस जिल्ह्याच्या वकील संघटनेत नव्या वकिलांपुढं भाषण द्यायचा, विषय वकिलाचा धर्म. अशिलापासून काही लपवू नये, कोर्टापुढं खोटं मांडू नये, आपल्या हातून चूक झाली तर आपण होऊन अशिलाला सांगावी आणि त्याला दुसऱ्या वकिलाकडं धाडावं, कारण आता त्याचं हित एकीकडं आणि आपलं दुसरीकडं. ते भाषण मीच टाइप करायची. मला पाठ होतं.

सत्त्याऐंशीच्या जूनची गोष्ट. गेशे नोमेन्सन नावाची सदुसष्ट वर्षांची बाई, बंदराला लागून असलेल्या घरात तळमजल्यावर चाळीस वर्षं भाड्यानं राहत होती. मच्छीमारांकडून करंदी, म्हणजे बारीक कोळंबी, घ्यायची, स्वयंपाकघरातल्या टेबलावर सोलायची, सोललेली व्यापाऱ्याला द्यायची. बोटीपासून तिचं दार पन्नास पावलं. घरमालक म्हणाला, घर माझ्या मुलीला हवं. मुलगी हाम्बुर्गमध्ये सुखात, ती कशाला हुसुमला येतेय. तरी खालच्या कोर्टात मालक जिंकला. वरच्या कोर्टात अपील केलं तर गेशेबाईंचं घर वाचेल असं रोव्हर स्वतः म्हणाला होता. मुदत शुक्रवार, बारा जूनपर्यंत.

गुरुवारी दुपारी अपील तयार होतं. बाईंनी पाकीट बंद केलं आणि म्हणाल्या, आंकेला, म्हणजे मला, आत्ताच्या गाडीनं फ्लेन्सबुर्गला पाठवते. रोव्हर कोट चढवत होता.

"कशाला? मी उद्या बोटीसाठी तिकडंच चाललोय. स्वतःच्या हातानं कोर्टाच्या पेटीत टाकतो."

"पोच घेऊन याल ना, साहेब?"

"आणतो हो. तुम्ही रेघ मारून टाका आणि घरी जा. का माझ्यावर भरवसा नाही?"

त्या दिवशी बाईंचा वाढदिवस होता, गायकवृंदातल्या बायका वाट बघत होत्या. बाईंनी लाल रेघ मारली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा, पोच न बघता. मालकाला भरवसा नाही असं कोण म्हणतं?

मंगळवारी बाईंनी पोच मागितली. रोव्हरचा चेहरा असा उतरला की मला सगळं कळलं. तो खाली गाडीकडं धावला. आम्ही दोघी खिडकीतून बघत होतो. त्यानं डिकी उघडली, ओलं शीड बाजूला केलं, आणि खालून ते पाकीट काढलं.

आता आमच्याकडचा कायदा ऐका. मुदत चुकली की अपील संपलं. चूक वकिलाची असेल तर ती अशिलाच्याच खात्यावर. असला वकील केलास ना, मग भोग. पण चूक कारकुनाची असेल, आणि तो कारकून एरवी कधी न चुकणारा असेल, तर कोर्ट म्हणतं, असू दे, माणूसच आहे, आणि उशिरा आलेलं अपीलही दाखल करून घेतं. त्यासाठी कारकुनानं शपथेवर लिहून द्यायचं. दोन आठवड्यांच्या आत.

बुधवारी सकाळी बाईंच्या टेबलावर कागद होता. रोव्हरनं घरी स्वतः टाइप करून आणला होता. मला टाइप करायला द्यायची लाज वाटली असावी, तेवढी तरी होती. त्यात लिहिलं होतं की मी, इर्मगार्ड बेन्के, पाकीट टपालात टाकायचं विसरले, ते माझ्या खणातच राहिलं आणि मी नजरचुकीनं रेघ मारली. एकतीस वर्षांत माझ्याकडून असं कधीच घडलेलं नाही.

बाईंनी वाचलं. "शेवटचं वाक्य खरं आहे," म्हणाल्या.

"रेघ तुम्हीच मारलीत ना?" रोव्हर म्हणाला. "मग खोटं असं किती राहिलं? आणि हे मी माझ्यासाठी मागत नाही, बेन्केबाई. गेशेबाईंसाठी मागतोय. तुमचं नाव इतकं स्वच्छ आहे की न्यायाधीश दुसऱ्यांदा वाचणारही नाहीत."

बघा, दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक कशी ठेवतात. मेल्या, चूक तुझी, लपवायची तुला, संघटनेत तुझी भाषणं, आणि खोटी शपथ घ्यायची बाईनं. ती पण म्हातारीच्या घराचं नाव पुढं करून.

"नाही करणार सही," बाई म्हणाल्या. "खरं काय घडलं ते मी लिहून देते. ते पाठवा."

"त्याचा उपयोग नाही. माझी चूक म्हणजे तिचीच चूक."

"मग तिला जाऊन सांगा. आजच."

"सांगेन. योग्य वेळी."

आणि आता माझं सांगते, कारण मी काही गंगेत न्हाऊन आलेली नाही. दुपारी मी बाईंना म्हटलं, "सही करा हो. चुलीत गेला तो रोव्हर. तिचं घर तरी राहील."

बाईंनी पाव खाली ठेवला. "आंके, माझी सही कोर्ट का मानतं?"

"तुम्ही खोटं बोलत नाही म्हणून."

"झालं तर मग. आणि उद्या दुसरी कुणी गेशे येईल, खरंच माझ्या हातून चुकलेलं असेल, तेव्हा माझी सही कुठून आणू?"

मला हे तेव्हा पटलं नाही. खरं सांगते, आजही अर्धंच पटतं. एक जिवंत बाई बंदरावर करंदी सोलत बसलीय, आणि ही अजून न आलेल्या बाईची काळजी करतेय. मी चिडले. दोन दिवस बोलले नाही.

बाईंनी खरी हकीकत लिहून फाइलमध्ये लावली. रोव्हरनं ती काढली, बाईंनी पुन्हा लिहून लावली. दोघांचं हे चाललं होतं. रोज सकाळी बाई त्याच्या दारात उभ्या राहायच्या. "सांगितलंत, साहेब?" रोज तो म्हणायचा, उद्या. त्याला वाटत होतं, मुदत संपत आली की बाई वाकतील. वाघ म्हटलं तरी खातो आणि वाघोबा म्हटलं तरी खातो, अशी त्यानं बाईंची कोंडी केली होती.

तेराव्या दिवशी बाईंनी कोट घातला आणि मला म्हणाल्या, "चल."

गेशेबाई टेबलाशी बसल्या होत्या. पुढं करंदीचा ढीग, बोटं झरझर चाललेली. आम्हांला चहा दिला, खडीसाखर पुढं सरकवली आणि पुन्हा सोलायला बसल्या. बाईंनी चहाला हात लावला नाही. सगळं सांगितलं. पाकीट, डिकी, लाल रेघ. "रेघ मी मारली, पोच न बघता. तेवढी चूक माझी," हेही सांगितलं. दुसऱ्या वकिलाचं नाव चिठ्ठीवर लिहून आणलं होतं, ते टेबलावर ठेवलं. आणि रोव्हरनं सहीला ठेवलेला तो खोटा कागदही सांगितला. तो नसता सांगितला तरी चाललं असतं. कुणी विचारलंही नव्हतं.

गेशेबाईंची बोटं थांबली नाहीत. "तुम्ही सही केली असती, तर माझं घर राहिलं असतं?"

"बहुतेक राहिलं असतं."

"अजून वेळ आहे?"

"उद्या दुपारपर्यंत."

"आणि तुम्ही करणार नाही."

"नाही, गेशेबाई."

त्यांनी पुढची करंदी उचलली, सोलली, भांड्यात टाकली. मग त्या म्हणाल्या, "दार ओढून घ्या जाताना. वारा येतो."

रस्त्यात बाई सायकल हातात धरून चालत होत्या, चढून बसल्याच नाहीत. रडल्या नाहीत. मीच रडले, रागानं.

घर गेलं. दुसरा वकील काही करू शकला नाही. रोव्हरनं मग गेशेबाईंना बोलावून, साळसूद चेहरा करून सांगितलं, "कार्यालयात एक दुर्दैवी चूक झाली." कुणाची ते नाही सांगितलं. रेल्वेमागच्या नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या बघून दिल्या आणि फुलांची टोपली पाठवली. तिसऱ्या मजल्यावर करंदी कोण आणून देतो? तिचा धंदा बसला. वकिलांच्या मंडळाकडं तक्रार कुणीच केली नाही. मी पण नाही. मला नोकरी हवी होती, आणि त्यानं मुदतवही बाईंच्या टेबलावरून उचलून माझ्या टेबलावर ठेवली होती. मी ती घेतली. बाईंना त्यानं पत्रांवर तिकिटं चिकटवायला बसवलं. वर्षभरानं त्या आपणहून गेल्या, दूध संघाच्या कार्यालयात. त्या शरद ऋतूत रोव्हरचं भाषण नेहमीप्रमाणं झालं. टाइप मीच केलं.

सहा वर्षांनी एका गुरुवारी मी आणि बाई बाजारात गेलो होतो. चीजच्या गाड्यापाशी रोव्हर उभा होता. पलीकडून गेशेबाई आल्या, काठी टेकत. "मोइन, वकीलसाहेब," असा आमच्याकडचा नमस्कार केला, हसून. त्यानं टोपी काढली, तब्येत विचारली. मग त्यांना बेन्केबाई दिसल्या. गेशेबाईंनी मान फिरवली आणि एवढ्या काठीनिशी रस्ता ओलांडून पलीकडं गेल्या. पहिल्यांदा नव्हे. बाई म्हणाल्या, सहा वर्षं असंच आहे.

माझं डोकं फिरलं. मी धावत जाऊन त्यांना गाठलं. "गेशेबाई, घर घालवलं त्यानं. त्याला हसून नमस्कार, आणि खरं सांगायला जी घरी आली तिला पाठ? ही कुठली रीत?"

म्हातारीनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"रोव्हर कसा आहे हे गावाला माहीत आहे, पोरी. त्याच्यावर मी कधी भरवसा टाकलाच नव्हता, मग राग कसला? त्या कार्यालयात माझा कागद मी दिला तो बेन्केबाई तिथं बसते म्हणून."

एवढं म्हणून ती काठी टेकत निघून गेली.

परत आले तर बाई गाड्यापाशी तशाच उभ्या होत्या, हातात चीजचा पुडा. "काय म्हणाली?"

"काही नाही," मी म्हटलं. "म्हणाली, चष्मा बदलायला झालाय, लांबचं माणूस ओळखू येत नाही."

बेन्केबाईंनी माझ्याकडं बघितलं. जन्मभर लोकांचे कागद वाचलेली बाई ती.

"बरं," त्या म्हणाल्या, आणि पुडा पिशवीत टाकला.