पोनिराच्या मुठीतलं पातं

पोनिराच्या आणि माझ्या घरात फक्त एक बांबूचा कूड. त्यामुळे तिने नवऱ्याला कधी मारलं, कशाने मारलं, हे तिच्या नवऱ्याच्याही आधी मला कळायचं. मार खाऊन सकीमान कण्हायला लागला की मी इकडून ओरडायची, "पोनिरा, आता दुसऱ्या बाजूने शेक गं!"

कापणीत तर तिच्या शेजारची जागा घ्यायला कोणी धजत नसे. आमच्या जावा बेटावर पीक तयार झालं की कापायला येईल त्या बाईला मालकाने नाही म्हणायचं नाही, आणि कापलेल्या दहा पेंड्यांतली एक पेंडी तिची. मग एकेका शेतात शंभर बाया घुसायच्या आणि जागेसाठी कोपरं, चावे, झिंज्या, सगळं चालायचं. पलीकडच्या गावातल्या एकीचा दात पोनिराच्या कोपराने पडला. "सापडला का गं तिचा दात?" मी विचारलं. म्हणाली, "राहू दे चिखलात, पुढच्या हंगामात उगवेल."

त्या वर्षी शेतमालक दुलकामितने, मानाने त्याला आम्ही पाक म्हणतो, उभं पीकच शहरातल्या व्यापाऱ्याला विकलं. व्यापारी बारा विळेवाले पाठवणार, ते एका दिवसात सगळं साफ करणार, आणि वाटा कोणालाच नाही. पोनिराला जमीन नाही. घरात दोन मुली आणि धापा टाकणारा सकीमान. ही कापणी हुकली की पुढच्या कापणीपर्यंत तिच्या चुलीवर भात चढणार नव्हता.

तेव्हा माझ्याकडे विद्यापीठातली पुस्पा राहत होती. खेड्यातली माणसं काय काम करतात, काय खातात, काय बदललं, ते घरोघर बसून वहीत टिपायची. मी तिला रोज "काल मासे खाल्ले" असं सांगायची. काल ती माझ्याच पंगतीला होती, तरी सांगायची.

कापणीच्या सकाळी आम्ही चाळीस बाया शेतावर गेलो, मागोमाग वही घेऊन पुस्पाही. बांधावर विळेवाल्यांचा मुकादम तुकिरान उभा.

"परत जा म्बोक, पीक विकलं गेलंय," तो पोनिराला म्हणाला. संसारी बाईला आमच्याकडे म्बोक म्हणतात.

"पीक विकलंय. माझी वहिवाट कोणी विकली?" पोनिरा म्हणाली.

"वहिवाट गुंडाळ आणि घरी जाऊन नवऱ्याला वारा घाल. तुझ्या नुसत्या नजरेनेच धाप लागते म्हणे त्याला."

विळेवाले खदखदून हसले. खरं सांगायचं तर मीसुद्धा हसले. पोनिराने तुकिरानच्या कानाखाली सणसणीत वाजवली.

आता, कापणीला निघताना आम्ही अनी-अनी घरूनच मुठीत धरतो. बोटभर पातं, बोटांच्या फटीत बसवलेलं, बाहेरून दिसणारच नाही असं. भाताच्या देवीला लोखंड दिसलं तर ती घाबरते. वर्षानुवर्षं असं धरलं की ते हाताचंच होऊन जातं. हातात आहे हे तुम्ही विसरता.

तुकिरानचा गाल कानापासून ओठापर्यंत उघडला. बाजूने त्याच्या दाढा दिसल्या. पोनिराने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. "अगं बाई," ती हळूच म्हणाली, "हातात होतं की."

मग विळेवाले तुटून पडले. एकाने कावडीची काठी तिच्या उजव्या मनगटावर घातली. कडाक् असा आवाज मला कालव्यात ऐकू आला. हो, मी कालव्यात होते, नाकापर्यंत पाण्यात. कोणीतरी पुढे साक्ष द्यायला जिवंत राहायला नको? एकीच्या डोक्यात दगड बसला. एकीने एका विळेवाल्याच्या दंडाचा लचका तोडला आणि तो थुंकून पुन्हा चावायला धावली. मातीत भाताआधी रक्तच सांडलं.

कापणी तशीच राहिली, आणि दुसऱ्या दिवशी सरपंचाच्या अंगणात सगळा गाव जमला. सरपंचाने पुस्पाला विचारलं, "तू बांधावर होतीस. आधी हात कोणी उचलला?"

"पोनिराने," पुस्पा म्हणाली. पोरगी खोटं बोलत नाही, हा तिचा मोठाच दोष. आणि मग कोणी न विचारता तिने वही उघडली. "पोनिराचं घर. तीस दिवसांपैकी बावीस दिवस भात नाही, वाळवलेल्या कंदाचं पीठ. सहा दिवस संध्याकाळी चूल पेटवली, पण वर काहीच ठेवलं नाही. शेजाऱ्यांना धूर दिसावा म्हणून."

मी शेजारीण. तो धूर मी रोज पाहत होते. इतकी नाक खुपसणारी मी, आणि मला पत्ता नाही.

पोनिरा उठली. उजवा हात झोळीत होता, म्हणून डाव्या हाताने तिने पुस्पाच्या मुस्कटात दिली. "तुला चुलीपाशी बसवली, ती माझी चूल चावडीवर आणायला?"

दुलकामितची मान खाली गेली. "पोतंभर भात घेऊन जा, पोनिरा."

"पोतं तुमच्या बकऱ्यांना घाला, पाक. मला कापायला ओळ द्या."

सरपंचाने तुकिरानकडे पाहिलं. त्याच्या गालात एकोणीस टाके होते. तो तोंडाच्या एका कोपऱ्यातून बोलला, "द्या हिला कालव्याकडच्या दोन ओळी. फक्त मला त्या दिवशी दुसऱ्या गावात पाठवा."

मनगटाला बांबूच्या कामट्या बांधून पोनिरा डाव्या हाताने कापायला बसली. पातं दर चार लोंब्यांना अंगठ्यात शिरत होतं. मी मदतीला वाकले, तर नडगीवर लाथ बसली. "तुझी ओळ नाही ही!" दुपारपर्यंत वीस पेंड्या झाल्या, अर्ध्या लालसर. त्यातल्या अठरा तिने फेऱ्या मारून दुलकामितच्या ओसरीवर रचल्या.

"अगं, सगळ्याच ठेव तुला," दुलकामित अजिजीने म्हणाला.

"दहातली एक. रीत तुम्ही मोडलीत, मी नाही."

दोन पेंड्या डोक्यावर घेऊन ती भर रस्त्याने घरी आली. चार माणसांना त्या दीड दिवस पुरल्या. तिसऱ्या दिवशी थोरल्या मुलीला घेऊन ती क्लातेनच्या वीटभट्टीवर गेली, एका हाताने विटा वाहायला. दुलकामितच्या बांधावर ती पुन्हा कधी चढली नाही.