धोतराचं पॅराशूट

मी तेव्हा चिंचवडच्या शाळेत नवाच विज्ञान शिक्षक होतो. एकदा वर्गात सांगून बसलो की जसजसं वर जावं तसतशी थंडी वाढते. लगेच एक मुलगी उभी राहिली.

"सर, वर तर सूर्य जवळ येतो. मग थंडी कशी?"

मी परोपरीनं समजावलं. तिला पटलं नाही, वर्गालाही नाही.

पुण्याला हवामान खात्यात माझा एक मित्र होता. त्याला गळ घालून मी मोठा रबरी फुगा आणि गॅस मिळवला. फुग्याखाली बांबूची हलकी टोपली, तिच्यात तापमापक. सर्वांत जास्त थंडी कुठवर गेली याची खूण त्यात टिकून राहायची. फुगा उंचावर फुटल्यावर टोपली अलगद उतरावी म्हणून पॅराशूट हवं होतं. मुख्याध्यापकांनी आपलं जुनं धोतर काढून दिलं.

"विज्ञानासाठी," ते गंभीरपणे म्हणाले.

फुगा सुटला तेव्हा अख्खी शाळा माना वर करून ओरडत होती. बघता बघता तो मोहरीएवढा झाला आणि नाहीसा झाला.

टोपलीवर शाळेचं नाव होतं. दोन-तीन दिवसांनी बाजाराला आलेल्या एका शेतकऱ्यानं निरोप आणला, की ती चाकणजवळ कांद्याच्या मळ्यात पडलीय. रविवारी वर्गाला बैलगाड्यांत घालून आम्ही निघालो.

मळ्यात एक आजी कांदे खुरपत होत्या. आम्हाला बघताच त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. आंब्याच्या फांदीला धोतराची झोळी बांधलेली, आत नातू गाढ झोपलेला आणि खेळणं म्हणून वर आमची टोपली टांगलेली.

"आजी, तेवढी टोपली..."

"हात लावशीला तर उठंल त्यो. बसा गप."

एरवी पाच मिनिटं गप्प न बसणारी ती पोरं बांधावर ओळीनं बसली. शेवटी एकाला शिंक आलीच. बाळानं भोकाड पसरलं. वर्गात प्रश्न विचारणारी ती मुलगी धावली, टोपलीत डोकावली आणि किंचाळली, "सर, खूण बर्फाच्याही खाली!"

वर्गानं जल्लोष केला. बाळ आणखी रडलं.

आजींनी त्याला खांद्यावर घेत विचारलं, "येवढ्या गारठ्यात ऱ्हातंय कोन तिथं?"

"कुणीच नाही," मुलगी म्हणाली.

"मग कशापायी धाडलं?"

"खरं वाटत नव्हतं म्हणून."

आजींना ते पटलं असावं. त्यांनी आम्हा सगळ्यांना भाकरी-कांदा खाऊ घातला. धोतर मात्र दिलं नाही, आणि मीही मागितलं नाही.