दत्ताच्या गिटारचा पिकअप

ऑर्केस्ट्रातली गाणी विसरली जातात, किस्से मात्र वायरींसारखे साठत जातात. कार्यक्रम संपल्यावर एक वायर गुंडाळायला घ्यावी तर तिच्यात गुंतलेल्या आणखी तीन येतात, तसं! आमचा लातूरचा ऑर्केस्ट्रा आता कधीतरीच वाजतो. लग्नात लोक पेनड्राइव्ह लावतात. पण आम्ही चौघं भेटलो की चहा निवेपर्यंत दत्ताच्या गिटारचाच विषय.

चौघं म्हणजे कीबोर्ड वाजवणारे आणि ऑर्केस्ट्रा चालवणारे मास्तर, साउंडवाले अन्सारभाई, गिटारवाला दत्ता आणि गाणारी मी.

*

दत्ताची गिटार जुनी. तारेला बोट लागायच्या आधीच "गुंऽऽ" करायची. जवळ ट्यूबलाइट असली तर विचारूच नका! त्यावर दत्तानं एक उपाय शोधला होता. उभ्या जागी हळूहळू फिरायचं. एका ठरावीक दिशेला तोंड केलं की गुणगुण कमी व्हायची. तिथंच थांबायचं.

रेणापूरच्या एका लग्नात ती दिशा नेमकी पंगतीकडची निघाली. नवरा-नवरीकडं पाठ करून, जिलेबीच्या परातीकडं एकटक बघत दत्ता तासभर वाजवत होता. शेवटी नवरीच्या मामांना राहवलं नाही. ते स्टेजपाशी येऊन ओरडले, "अरे, त्या गिटारवाल्याला आधी वाढा रे! लेकरू कवापासून बघून राहिलंय!"

लेकरू तेव्हा चाळिशी ओलांडलेलं होतं!

*

आम्ही हसलो, पण मास्तर हसले नाहीत. परतताना गाडीत म्हणाले, "दत्ता, पुढचा कार्यक्रम नांदेडला. तिथं ही गुणगुण ऐकू आली तर गिटार मी कीबोर्डवरच वाजवीन. तू मग घरी बस."

दत्तानं मांडीवरची गिटार तेवढी घट्ट धरली. वीस वर्षं तो आमच्यात वाजवत होता. घरी बसायचं म्हणजे काय करायचं, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

अन्सारभाई हळूच म्हणाले, "गिटार को कुछ नहीं हुआ. पिकअप बदल डालो." पिकअप म्हणजे तारांखालची चुंबकाची पट्टी, तारांचा आवाज उचलणारी. दत्ताच्या गिटारला अशा दोन; नव्या पद्धतीच्या बसवल्या की गुणगुण जाते म्हणे.

*

दत्तानं घरी सांगितलं, "पिकअप मागवलाय." बायकोनं ते मुखेडला माहेरी कळवलं. आता आपल्याकडं पिकअप म्हणजे एकच, मालाची गाडी! पार्सल आलं त्याच दिवशी सासरे नारळ, झेंडूचा हार आणि लिंबू-मिरची घेऊन एसटीनं हजर.

दत्तानं त्यांच्यापुढं साबणाच्या वडीएवढ्या दोन डब्या ठेवल्या. सासऱ्यांनी एक उचलली, उलटीपालटी करून पाहिली.

"जावईबापू, ह्याच्यात सोयाबीनची पोती बसतील किती?"

नारळ मात्र फोडलाच. हारही गिटारला घातला!

*

अन्सारभाईंनी आपल्या दुकानात आमच्यासमोर दोन्ही पिकअप बसवले. एकेक वाजवला तर आवाज स्वच्छ, हंड्यात थेंब पडावा तसा. दोन्ही एकदम चालू केले की नाकातून यायला लागला, पडसं झाल्यासारखा! नांदेड दोन दिवसांवर आलेलं. दत्ताचा चेहरा उतरला.

अन्सारभाईंनी कान लावला आणि हसले. "मियाँ-बीवी रूठे हैं. एक-दूसरे की तरफ पीठ करके सोए हैं!" त्यांनी एका पिकअपच्या दोन वायरींची अदलाबदल केली. आवाज लगेच भरून आला.

मग माझ्याकडं वळून म्हणाले, "ताई, घर में भी दो वायरों से काम हो जाता, तो क्या बात थी!"

*

नांदेडला एका गुरुजींच्या निवृत्तीचा सत्कार होता. भर दुपारी, बंद हॉल आणि डोक्यावर ओळीनं ट्यूबलाइट. अन्सारभाईंनी आवाज वाढवला. सगळं शांत.

"दत्ता, गिटार चालू कर," मास्तर म्हणाले.

"चालूच हाय."

"वायर बघ."

"दोनदा बघितली."

दत्तानं एक तार छेडली. वीस वर्षांत त्या गिटारचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते, असं वाटलं. मास्तरही खाली बघत नुसती मान हलवत राहिले.

आता सुरुवातीची वंदना मी गायची. मी माईकपाशी गेले आणि तोंडातून सूरच निघेना! तेव्हा कळलं, इतकी वर्षं वंदनेचा सा मी त्या गुणगुणीतूनच उचलत होते. मास्तरांनी कीबोर्डवर सूर दिला, पण तो कानाला ओळखीचा वाटेना. गुरुजी हात जोडून उभे. सगळा हॉल माझ्याकडं बघतोय.

तेवढ्यात माझ्या पाठीमागून आलं, "गुंऽऽऽ".

मी सूर धरला आणि गायला लागले. मास्तर मात्र ताडकन वळले. "दत्ता! परत तेच?"

दत्तानं गिटारवरचे दोन्ही हात वर केले. "गिटार न्हाई मास्तर, मी हाय!"

मास्तर परत कीबोर्डकडं वळले.

"मग थांबलास काहून? चालू दे!"